बेताच्या पैशात पहिला परदेश प्रवास: व्हिएतनामची तयारी कशी कराल

आमच्या सहलीची वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. दोनशे पानी, साधी. पहिल्या पानावर एवढंच लिहिलंय: "1,20,000. दोघींचे. यात सगळं." दोघी म्हणजे मी आणि माझी आई. आईचं वय 61, आयुष्यात कधी विमानात बसली नव्हती. मी सातारला दुकानांचे हिशेब लिहिते, त्यामुळे आकडा आधी ठरवायचा आणि मग गाव, ही सवयच आहे. नऊ रात्री व्हिएतनाममध्ये काढून परत आलो तेव्हा वहीतला खर्च 1,12,000 च्या आसपास थांबला होता.

हे सांगायचं कारण म्हणजे त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम आम्ही घर सोडायच्या आधीच खर्च झाली होती. तिकिटं, व्हिसा, विमा, पासपोर्ट. तिथे गेल्यावर चहा-नाश्त्यात काटकसर करून फार काही हाती लागत नाही. पैसा वाचतो तो घरच्या टेबलावर, दोन-तीन महिने आधी, शांतपणे कागद भरताना. आणि वाया जातो तोही तिथेच, घाईत. म्हणून या लेखाचा मोठा भाग तयारीबद्दल आहे.

देश एकच, आणि तोही अर्धा

पहिल्या प्रवासाला व्हिएतनाम का? मुंबईहून हनोई आणि हो चि मिन्ह सिटी या दोन्ही शहरांना थेट विमानं आहेत, पाच तासांच्या आसपासचा प्रवास. व्हिसा घरबसल्या मिळतो. जेवण, खोली, रेल्वे हे सगळं आपल्या खिशाला झेपतं. घड्याळ फक्त दीड तास पुढे, म्हणजे झोपेचं खोबरं होत नाही. शिवाय रेल्वे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, हनोई ते सायगॉन 1,726 किलोमीटर. (हो चि मिन्ह सिटीला तिथले लोकही बोलताना सायगॉनच म्हणतात, मीही तेच म्हणेन.)

पण नकाशा बघून सगळंच पाहायचा मोह होतो, तो आवरा. लांबट देश आहे. नऊ-दहा दिवसांत सात शहरं धरलीत तर रोज बॅग भरायची, रोज नवी खोली शोधायची, रोज टॅक्सी. प्रत्येक मुक्काम बदलला की दिवसाचे चार-पाच तास आणि दोघांचे हजारेक रुपये गेलेच म्हणून समजा. आमचा मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे असा होता: हनोई 2 रात्री, निन्ह बिन्ह 2, एक रात्र रेल्वेत, ह्वे 1, होई आन 2, सायगॉन 1. आता पुन्हा आखला तर मी सायगॉन गाळेन आणि होई आनला एक दिवस जास्त देईन.

'हा लाँग बे', म्हणजे समुद्रातून वर आलेल्या चुनखडीच्या डोंगरांचा उपसागर, आम्ही केला नाही. सगळ्यांनी विचारलं, "ते फोटोतलं ठिकाण?" तिथली रात्रभराची बोट बऱ्यापैकी महाग पडते. निन्ह बिन्हला तेच चुनखडीचे डोंगर आहेत, फक्त समुद्राऐवजी भातखाचरांतून आणि नदीतून वर आलेले. तिथल्या ताम कॉकला छोट्या होडीतून दोघादोघांना गुहांमधून नेतात. आमची होडी वल्हवणारी बाई मागे रेलून बसली आणि तिने वल्ही चक्क पायांनी मारायला सुरुवात केली, सायकल चालवावी तशी. हात मोकळे. आई गुहा बघायची सोडून तिच्या पायांकडेच बघत होती.

पासपोर्ट

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा, कुठे जायचं ते नंतर ठरवा. साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1,500 रुपये. तत्काळ हवा असेल तर वर 2,000. म्हणजे नुसत्या उशिराची किंमत दोन हजार. अर्ज सरकारच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरच करायचा. तशाच दिसणाऱ्या नकली साइट्स आहेत, त्या जास्तीची फी उकळतात. पासपोर्ट सेवा केंद्र लांब असेल तर बऱ्याच जिल्ह्यांत मुख्य टपाल कचेरीतही केंद्र आहे. मग पोलिस पडताळणी होते, तेव्हा अर्जावरच्या पत्त्यावर तुम्ही हजर पाहिजे.

नावाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आधारवर एक स्पेलिंग, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, पॅनवर वडिलांचं नाव अर्धं, असं आपल्याकडे घरोघरी आहे. आधी कागद एकसारखे करून घ्या, मग अर्ज. आईच्या आधारवर सासरचं आडनाव आणि एका जुन्या कागदावर माहेरचं होतं. ते सरळ करण्यात आमचे तीन आठवडे गेले. तेव्हा चिडचिड झाली, पण तीच गडबड विमानाच्या काउंटरवर निघाली असती तर तिकीटच बुडालं असतं.

पासपोर्ट आधीपासून असेल तर त्याची मुदत बघा. प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने शिल्लक पाहिजेत. आणि आत निदान दोन कोरी पानं.

तारीख ठरवताना दिवाळीची सुट्टी बाजूला ठेवून विचार करा

आपण सुट्ट्या दोनच धरतो, मे महिना आणि दिवाळी. व्हिएतनामच्या मध्य भागात, म्हणजे ह्वे, दा नांग, होई आन इथे, ऑक्टोबर-नोव्हेंबर हा जोराच्या पावसाचा काळ. होई आनच्या जुन्या गावात तेव्हा नदीचं पाणी घुसतं आणि रस्त्यांवरून होड्या चालतात. ऐन दिवाळीत जायचंच असेल तर फक्त उत्तर करा, हनोई आणि निन्ह बिन्ह. तिकडे तेव्हा छान कोरडी हवा असते. मे महिन्यात सगळीकडे उकाडा असतो, पण मध्य भागात पाऊस नसतो. जमलं तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल सगळ्यात बरं. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी गेलो. हनोईत दिवसभर बारीक भुरभुर आणि चांगलीच थंडी होती. आईचा स्वेटर तिकडे रोज अंगावर होता, आणि चार दिवसांनी होई आनला छत्री उन्हासाठी उघडली.

अजून एक गोष्ट टाळा. तेत, म्हणजे त्यांचं नवं वर्ष. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हातरी येतं, चंद्रावर अवलंबून. त्या आठवड्यात दुकानं बंद, रेल्वे भरलेल्या, खोल्या महाग. आपल्याकडे गणपतीत कोकणात जायला जी अवस्था होते तीच.

विमानाचं तिकीट

जाताना हनोईला उतरायचं आणि येताना सायगॉनहून निघायचं, असं केलं तर देशाच्या एका टोकाला परत यायचा खर्च वाचतो. कमी दराच्या विमान कंपन्यांत एकेरी तिकीट बहुतेक वेळा येण्या-जाण्याच्या निम्म्याच्या जवळपासच असतं. आम्हाला माणशी 24,000 पडले, अडीच महिने आधी काढून. मंगळवार-बुधवारची विमानं शनिवारपेक्षा स्वस्त दिसली. आठवडाभर रोज रात्री दर बघा, वहीत लिहा, आणि मग एके दिवशी काढून मोकळे व्हा. काढल्यावर पुन्हा दर बघू नका.

स्वस्त तिकिटात नुसती खुर्ची मिळते, हे लक्षात ठेवा. बॅग, जेवण, आवडती खुर्ची, सगळ्याचे वेगळे पैसे. हातातल्या बॅगेला बहुधा 7 किलोची मर्यादा असते आणि ती खरोखर तोलतात. आम्ही दोघींत मिळून एकच 20 किलोची बॅग विकत घेतली, बाकी पाठीवर. तिकीट काढतानाच बॅग घेतली तर स्वस्त, काउंटरवर घेतली तर अव्वाच्या सव्वा. घरी वजनकाटा नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन तोला. आम्ही तसंच केलं.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असेल, तर तिकिटावरही तसंच एकत्र भरा. लग्नानंतर आडनाव बदललं पण पासपोर्ट माहेरचा आहे? मग तिकीटही माहेरच्याच नावाने.

विमान मुंबईच्या कुठल्या विमानतळावरून आहे तेही वाचून घ्या. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. घाटात गाड्यांची रांग लागली की दोन तास कसे जातात ते पुणे-साताऱ्याकडच्या माणसाला सांगायला नको. आम्ही रात्रीच्या विमानासाठी सकाळीच बसने निघालो. आई म्हणत होती एवढं लवकर कशाला, पण लोणावळ्याजवळ गाडी तासभर जागची हलली नाही तेव्हा गप्प बसली.

व्हिसा घरी बसून

व्हिएतनामचा ई-व्हिसा भारतीयांना मिळतो. एकदा प्रवेशाचा 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचा 50 डॉलर. ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. अर्ज त्यांच्या सरकारच्या संकेतस्थळावर, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' असतं. गुगलवर शोधलं की वर जाहिराती येतात, त्या मध्यस्थांच्या. तेच काम ते दुप्पट-तिप्पट पैशात करतात.

लागतं काय? पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा स्वच्छ फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर चष्म्याशिवायचा तुमचा फोटो, तिथला पहिला पत्ता (हॉटेलचा), कुठल्या विमानतळावर उतरणार ते, आणि पैसे भरायला परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड. अर्ज भरताना मोबाइल नको, संगणक घ्या. नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख एकदा स्वतः वाचा आणि एकदा दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या. मी भरलं, आईने चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. तिला माझी एक चूक सापडली: पासपोर्ट क्रमांकात शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला होता. भरलेली फी परत मिळत नाही, अर्ज नाकारला तरी नाही. चुकीच्या क्रमांकाचा व्हिसा आला असता तर पुन्हा 25 डॉलर आणि पुन्हा वाट बघणं.

तीन कामाचे दिवस लागतात असं ते म्हणतात. तुम्ही निदान तीन आठवडे धरा, कारण मध्ये त्यांच्या सुट्ट्या येतात. व्हिसा आला की दोन प्रती छापून घ्या. फोनमध्ये आहे म्हणून थांबू नका, फोनची बॅटरी रांगेतच संपते.

पैसे कसे न्यायचे

व्हिएतनामचं चलन डाँग. एका रुपयाला साधारण 300 च्या आसपास. म्हणजे तुम्ही तिथे उतरल्या उतरल्या लक्षाधीश. हिशेबासाठी माझी युक्ती: किमतीची शेवटची तीन शून्यं बोटाने झाका आणि उरलेल्याला साडेतीनने गुणा. 50,000 डाँगचं फोचं (तांदळाच्या शेवयांच्या सूपचं) वाडगं म्हणजे 50 गुणिले साडेतीन, 175 रुपये. खरी रक्कम याहून थोडी कमीच येते, म्हणजे आपण सुरक्षित बाजूला.

इथून डॉलर घ्या, डाँग नको. डॉलर रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या चलन बदलणाऱ्याकडूनच घ्या, पॅन, पासपोर्ट आणि तिकीट लागतं. दोन-तीन जणांना फोन करून दर विचारा, आणि विमानतळावरच्या काउंटरवर शक्यतो काहीच घेऊ नका. नोटा कोऱ्या करकरीत मागून घ्या. घडी पडलेली, पेनाने लिहिलेली नोट तिथे नाकारतात. शंभराच्या नोटेला सुट्ट्यांपेक्षा बरा दर मिळतो. तिथे उतरल्यावर विमानतळावर थोडेच बदला, बाकीचे शहरात बँकेत किंवा परवाना असलेल्या ठिकाणी.

सोबत एक कार्ड असू द्या. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करायचं बटण असतं, ते मुळात बंद असतं. घरूनच चालू करा आणि मर्यादा ठेवा. तिथल्या मशीनवर किंवा दुकानात "रुपयांत भरणार की डाँगमध्ये" असं विचारलं तर नेहमी डाँग. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो आणि तो वाईट असतो. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.

डाँगच्या मोठ्या नोटा प्लास्टिकच्या असतात, आणि 20,000 ची आणि 5,00,000 ची, दोन्ही निळ्या. हनोईत दुसऱ्या दिवशी सकाळी एका गाडीवर बान्ह मी घेतला, लांबट पावात भाज्या आणि अंडं भरून देतात तो. वीस हजार. मी नोट काढून दिली. गाडीवालीने ती हातात धरली, डोळ्यांसमोर नेली, मग आपल्या डब्यातून एक नोट काढून दोन्ही माझ्यासमोर शेजारी शेजारी धरल्या. मी पाच लाखांची दिली होती, सत्तर रुपयांच्या जागी सतराशे. तिने माझी नोट माझ्या मुठीत कोंबली आणि वरून दोन थापट्या मारल्या. त्या दिवसापासून पाच लाखांच्या नोटा आईच्या कमरेच्या पिशवीत आणि सुट्टे माझ्याकडे, अशी वाटणी झाली. तुम्हीही अशीच करा.

विमा घ्या

दोघींचा मिळून चौदाशे रुपयांच्या आसपास गेला. तिकडे पाय मुरगळला तरी दवाखान्याचं बिल तुमच्या अख्ख्या सहलीएवढं होऊ शकतं. आईवडिलांना नेत असाल तर त्यांचा रक्तदाब, साखर अर्जात खरं लिहा.

बॅग

कपडे तीन जोड, रोज रात्री धुवायचे. पावलं दुखणार नाहीत असे आधी महिनाभर वापरलेले बूट. नवे बूट अजिबात नकोत. आपला दोन पिनांचा चार्जर तिथे बहुतेक ठिकाणी बसतो. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवायची, सामानात टाकलीत तर बॅग उघडायला बोलावतात. हातातल्या बॅगेत द्रव पदार्थ 100 मिलीपर्यंतच्याच बाटलीत.

आता खाऊ. सुकं खोबरं नेऊ नका, त्याला विमानात बंदी आहे, ते पेट घेतं म्हणून. खोबऱ्याची वाटी तर नाहीच, पण माझं मत असं की खोबरं घातलेली लसणाची चटणीही घरीच ठेवा, तपासणीत वाद कशाला. लोणचंही हातातल्या बॅगेत नको. आम्ही शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दशम्या आणि खाकरे नेले. ते मोठ्या बॅगेत नीट गेले. मेतकूट तिथल्या वाफाळत्या मऊ भातावर टाकलं की आईचं रात्रीचं जेवण पाच मिनिटांत तयार.

विमानतळावर, पहिल्यांदाच

तीन तास आधी पोचा. आधी विमान कंपनीचं काउंटर, तिथे मोठी बॅग देऊन बोर्डिंग पास घ्यायचा. तिथेच व्हिसा बघतात. मग इमिग्रेशन. खिडकीतला अधिकारी विचारतो कुठे, किती दिवस, कशाला, काय काम करता. खरं आणि थोडक्यात सांगा. परतीचं तिकीट आणि पहिल्या हॉटेलचं बुकिंग छापील हातात असू द्या. आई घाबरली होती. तिला मी एवढंच सांगितलं, की बँकेत पासबुक भरून घेतेस ना, तसंच. आणि ती खरंच तशीच उभी राहिली, कागद नीट रचून, चष्मा नाकावर. अधिकाऱ्याने तिला मराठीतच विचारलं, "मावशी, एकट्या?" ती म्हणाली, "नाही, लेक मागे आहे." ठप्प. शिक्का.

तिथे उतरल्यावर पुन्हा तेच, फक्त उलट. छापलेला व्हिसा आणि पासपोर्ट, बस.

निघायच्या आधी घरी एक काम करा: ग्रॅब हे अ‍ॅप फोनमध्ये घालून आपल्या भारतीय नंबरावर नोंदवा. ओटीपी इथेच येऊन जातो. तिकडे सगळ्या टॅक्सी-दुचाकी त्यावर मिळतात, भाव आधी दिसतो, घासाघीस नाही. सिम कार्ड विमानतळावर मिळतं किंवा ई-सिम आधी घेता येतं. आपलं सिम काढून फेकू नका, बँकेचे संदेश त्यावरच येतात.

हनोईच्या विमानतळावरून शहरात टॅक्सीने जायची गरज नाही. 86 क्रमांकाची बस जुन्या भागातून थेट रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. तिकीट टॅक्सीच्या पासंगालाही पुरत नाही.

खाणं, विशेषतः शाकाहारी असाल तर

एक शब्द पाठ करा: 'चाय'. तो चहा नव्हे, तिकडे 'चाय' म्हणजे शाकाहारी. 'कॉम चाय' अशी पाटी दिसली की बिनधास्त शिरा, ते शाकाहारी भाताचं दुकान. "तोय आन चाय" म्हणजे मी शाकाहारी खाते. पण त्यांचे उच्चार सुरांवर चालतात, आपलं बोलणं त्यांना पोचेलच असं नाही, म्हणून हे वाक्य त्यांच्या लिपीत फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. माशाचा रस, 'न्युक माम', तिकडे मिठासारखा सगळ्यात पडतो, भाजीतही. 'चाय' म्हटलं की तोही येत नाही.

तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. पंधरावा म्हणजे आपली पौर्णिमा. त्या दिवशी एरवी मांसाहारी असलेल्या गाड्यांवरही शाकाहारी जेवण दिसतं. आमची ह्वेमधली संध्याकाळ नेमकी पौर्णिमेची निघाली. देवळाजवळच्या एका दुकानात आईला केळफुलाची कोशिंबीर मिळाली आणि तिने ती दोनदा मागून घेतली.

पैसे वाचवायचे तर रस्त्यावरच्या बुटक्या प्लास्टिक स्टुलांवर जेवा, जिथे तिथली माणसं दाटीने बसलीत तिथे. इंग्रजी मेनू बाहेर लावलेलं दुकान म्हणजे वीस-तीस टक्के जास्त. पाणी बाटलीतलंच. दोघींचं दिवसाचं खाणं कॉफीसकट बाराशे रुपयांच्या आत बसत होतं.

फिरणं: रेल्वे हो, स्कूटर नाही

निन्ह बिन्हहून ह्वेला आम्ही रात्रीच्या गाडीने गेलो. एका रात्रीची खोली वाचली. सहा बर्थच्या डब्यात सगळ्यात वरचा बर्थ स्वस्त असतो, पण त्यावर बसताही येत नाही. साठीच्या माणसाला खालचाच घ्या, थोडे पैसे गेले तरी. ह्वे ते दा नांग ही गाडी दिवसाच करा. हाय वान घाटातून रूळ समुद्राच्या कडेकडेने जातात. ह्वेहून निघताना डाव्या बाजूची खिडकी मागा, समुद्र तिकडे आहे. होई आनला रेल्वे नाही, दा नांगहून तीसेक किलोमीटर रस्त्याने जावं लागतं.

आता स्कूटर. हे मी मनापासून सांगते, कारण तरुण मुलं हमखास यात फसतात. तिथे कोपऱ्या-कोपऱ्यावर स्कूटर भाड्याने मिळते, लायसन्स कुणी मागत नाही. आपण इथल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेतो आणि खूश असतो. पण भारत तो परवाना 1949 च्या करारानुसार देतो आणि व्हिएतनाम 1968 च्या करारातला परवाना मानतो. म्हणजे आपला परवाना तिथे चालत नाही. पोलिसांनी पकडलं तर दंड, तो एक वेळ भरता येईल. पण अपघात झाला तर परवान्याशिवाय गाडी चालवली म्हणून विमा कंपनी एक पैसा देणार नाही. ग्रॅबवर दुचाकी मागवा आणि मागे बसा.

पायी रस्ता ओलांडायचंही शिकावं लागतं. स्कूटरींचा लोंढा थांबत नाही. एका संथ चालीने पुढे जात राहायचं, मध्येच थांबायचं नाही, मागे फिरायचं तर मुळीच नाही. ते तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने निघून जातात. पहिल्या दिवशी आम्ही एका आजीबाईंच्या मागे चिकटून रस्ता ओलांडला.

तिकिटांवर कुठे पैसे घालायचे? होई आनच्या जुन्या गावाचं तिकीट 1,20,000 डाँग होतं, त्यात पाच ठिकाणं बघता येतात. आणि तिथून चाळीसेक किलोमीटरवरचं 'मी सन' हे ठिकाण चुकवू नका. मध्य व्हिएतनामवर पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांची शिवमंदिरं आहेत ती, लाल विटांची. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वर नावाने शिवलिंग स्थापलं. बरेच शिलालेख संस्कृतात आहेत. 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात बरीच मंदिरं पडली. खड्डे अजून दिसतात. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे दुरुस्तीचं काम केलं, आणि 2020 मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं वालुकाश्माचं शिवलिंग मातीखालून वर आलं. सकाळी लवकर जा, ऊन आणि टूरच्या बसगाड्या दोन्ही टळतात. दा नांगमध्ये चाम शिल्पांचं संग्रहालय आहे, तिथे मी सनहून आणलेला उभा गणपती आहे. आपल्याकडे उभा गणपती क्वचितच दिसतो. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. मग तिने पर्समधून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

टूर कंपनीबरोबर जावं का

ज्यांना इंग्रजीची धास्ती आहे, गुडघे दुखतात, किंवा कागदपत्रं भरायला घरात कुणी नाही, त्यांनी खुशाल जावं. सोय असते, सोबत असते, मराठी जेवणही मिळतं. पैसे जास्त जातात, पण ते कशाचे जातात हे कळलं की वाईट वाटत नाही. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूर कंपनी आपल्याकडून आगाऊ घेते तो कर, कापतात, तो आयकर विवरणात आपल्या नावावर जमा दिसतो. विवरण भरणाऱ्याला नक्की सांगा, कितीतरी लोक ते पैसे तसेच सोडून देतात.

परतताना

उरलेले डाँग तिथेच संपवा किंवा तिथेच बदला, इथे ते घ्यायला कुणी बसलेलं नाही. आम्ही सायगॉनच्या बाजारात शेवटच्या नोटांची कॉफी घेतली, अर्धा किलो, आणि शेजारणींसाठी काजू. बॅग परत तोलली, 19 किलो 400. सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि बॅगेची चिकटपट्टी जपून ठेवा. विम्याचा दावा करायचा असेल तर हॉटेल-दवाखान्याची मूळ बिलंही.

घरी आल्यावर आईने वही मागितली. शेवटच्या पानावर मी शिल्लक लिहिली होती, 8,000 रुपये आणि 20,000 डाँगची एक निळी नोट. तिने खाली पेन्सिलीने आपल्या अक्षरात लिहिलं: "श्रीलंका. विचारणे."